पार्सल माघारी आलं तेव्हा

या खेपेला सहा पत्रं आली आणि त्यांतली चार व्हिसाच्या फीवर. बाकीची शेवटी उरकते. टेक्सासहून आलेल्या एका पत्राला मात्र मी जवळजवळ सगळी जागा देणार आहे, कारण ते वाचून रात्री मला झोप लागली नाही. झोप उडाली ती फीमुळे नव्हे.

ती लिहिते: "काकू, माझ्या भावाचं नाव मार्चच्या व्हिसाच्या लॉटरीत घालतो असं इथल्या एका छोट्या कंपनीने कबूल केलं होतं. आता म्हणतात, भारतातून माणूस आणायचा तर एक लाख डॉलर भरावे लागतात, आम्हाला परवडत नाही. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनी कोल्हापुरात गंगावेशीत पेढेसुद्धा वाटलेत. एक एजंट म्हणतोय, अर्धी फी तुम्ही द्या, अर्धी कंपनी देईल. म्हणून बाबा पन्हाळा रोडचे वीस गुंठे काढायला निघालेत. भाऊ म्हणतो, ताई, तू काही बोलू नकोस, मी बघतो. म्हणून मी गप्प आहे."

म्हणून मी गप्प आहे! अगं पोरी, तुझं अख्खं पत्र एकीकडे आणि हे शेवटचं वाक्य एकीकडे.

आधी एजंटाचं बघू, कारण तिथे घाई आहे. एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा, त्याचा अर्ज कंपनीचा असतो आणि त्याचा खर्चही कंपनीचा. ही एक लाखाची रक्कम कंपनीने अर्ज करण्याआधी थेट अमेरिकी सरकारकडे भरायची असते. 'अर्धी तुम्ही, अर्धी आम्ही' अशी वर्गणी त्यात कुठेच बसत नाही. तेव्हा या गृहस्थाला एक रुपया देऊ नका, आणि सातबाऱ्याची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

आता फीचं. ट्रम्प यांच्या हुकमावर सही झाली १९ सप्टेंबर २०२५ ला, लागू झाला २१ तारखेपासून, मुदत बारा महिन्यांची. मधल्या दोन दिवसांत काय गोंधळ उडाला ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. मंत्री म्हणाले दरवर्षी भरा, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउस म्हणालं एकदाच, आणि तेही फक्त नव्या अर्जाला. माझा भाचा खास नवरात्राला कोल्हापूरला आला होता. सोमवारी घटस्थापना, आणि शनिवारी दुपारी हा आमच्याकडे जेवायला. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावलेली, तशीच खाली ठेवली आणि फोनवर तिकीट शोधायला लागला. संध्याकाळी बॅग घेऊन मुंबईच्या वाटेला. रविवारी सकाळी कळलं, व्हिसा चालू असलेल्यांना ही फी नाहीच. ना देवीचं दर्शन, ना तिकिटाचे पैसे परत.

ही फी बरोबर की चूक, असं तिघांनी विचारलंय. माझं मत विचाराल तर मोठ्या कंपन्यांना याने फारसा ओरखडा उठत नाही. मरतो तो गावाकडचा दवाखाना, शाळा आणि तुझ्या भावाला बोलावणारी असली वीस माणसांची कंपनी. पण फीची बाजू घेणारेही सगळं खोटं बोलत नाहीत. वर्षाला ८५,००० जागा, मंजूर होणाऱ्या अर्जांत दहातले सातएक भारतीयांचे, आणि माणूस आणून कामाविना बेंचवर बसवणाऱ्या, कमी पगारात राबवणाऱ्या कंपन्या आपल्यातल्या कुणी पाहिल्या नाहीत? अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स ही उद्योगांची संघटना कोर्टात गेली, तर २३ डिसेंबर २०२५ ला न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. वाद वरच्या कोर्टांत चालू राहील, चालू दे. फक्त ग्रीन कार्ड खिशात पडल्यावर मंडळाच्या हळदीकुंकवात 'बरंच झालं, गर्दी कमी होईल' म्हणणाऱ्या वहिनींनी आपण कुठल्या दारातून आत आलो ते जरा आठवावं. एवढंच.

आता माझा मुद्दा. नेहमीचे वाचक म्हणतील, काकूंचं सुरू झालं. होय, झालं. घरी खरं सांगा.

२००९ साली आम्ही मिशिगनमध्ये होतो. हे कास्टिंगमधले, आणि त्या वर्षी डेट्रॉईटच्या आसपास भट्ट्या विझत चालल्या होत्या. यांना नोटीस मिळाली. नोकरी गेल्यावर ६० दिवस थांबायची आजची सवलत तेव्हा नव्हती, ती २०१७ ला आली. नशिबाने शेवटच्या आठवड्यात ओहायोच्या एका लहान कारखान्याने व्हिसा ट्रान्सफर केला, दोन-तृतीयांश पगारावर. आम्ही एका गाडीत संसार भरून गेलो, आणि कोल्हापूरला चकार शब्द बोललो नाही. मामंजींना काळजी नको, असं आपलं आमचं म्हणणं. खरं तर आम्हाला लाज वाटत होती.

आठ महिने असेच काढले. इकडे राजारामपुरीत मामंजींनी वरचा मजला काढला होता, मुलगा अमेरिकेत म्हणून. दर महिन्याला आम्ही क्रेडिट कार्डावर उचलून पैसे पाठवत होतो. आणि मग सासूबाईंनी चटणीचं पार्सल धाडलं, अर्थात जुन्या पत्त्यावर. ते दोन महिन्यांनी माघारी आलं. डब्याचं झाकण सुटलेलं, खोक्याच्या कोपऱ्यातून तांबडं तेल झिरपलेलं, आणि वर कसलासा पिवळा कागद चिकटवलेला. मामंजींचा फोन आला, "पार्सल माघारी आलंया. कुठं हाईस रं तू?"

यांनी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. उद्यमनगरात मामंजींचं पॅटर्नचं दुकान होतं, आयुष्यभर लाकूड घासून फाउंड्र्यांना साचे करून दिले. मंदी त्यांना आम्ही काय शिकवणार? ते एवढंच म्हणाले, "स्लॅब थांबला असता की. काय घाई हुती?" तो मजला फिटायला आम्हाला पुढे चार वर्षं लागली, व्याजासकट.

तेव्हा टेक्सासची पोर, तुझ्या बाबांनी वाटलेल्या पेढ्यांचं मला काही वाटत नाही. पेढे वाटले, गोड झालं, चार दिवसांनी गंगावेशीत दुसरा विषय निघेल. पण वीस गुंठे एकदा गेले की गेले. आणि भाऊ 'मी बघतो' म्हणतो म्हणजे काय बघतो? तो ताईच्या तोंडाकडे बघतोय, ताई त्याच्या, आणि बाबा विसार घेऊन मोकळे होतील.

शुक्रवारी रात्री आठला तू फोन कर. कोल्हापुरात शनिवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील, बाबा रंकाळ्यावरून फिरून आलेले असतील, चहा पुढ्यात असेल. आधी भावाला सांग की मी आज बोलणार आहे, म्हणजे तोही तिथे बसेल. 'सध्या जरा अडचण आहे' अशी सुरुवात करू नकोस, वडील लोक त्याचा अर्थ 'पैसे कमी पडतायत' असा घेतात आणि आणखी दहा गुंठे काढतात. सरळ म्हण: बाबा, कंपनी नाही म्हणाली, फी कंपनीनेच भरायची असते, एजंट फसवतोय, जमीन विकू नका. एका दमात. मग ते रागावतील. रागावू दे. तुझ्यावर जास्त रागावतील, थोरली आहेस.

भावाचं वय काय, शिक्षण काय, तू काहीच लिहिलं नाहीस, त्यामुळे जर्मनी की पुणे ते मी सांगू शकत नाही. पुढच्या पत्रात लिही.

आता बाकीचे भराभर. ओहायोच्या विद्यार्थ्याला: तू अमेरिकेतच राहून एफ-वनवरून, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरून, एच-वन-बीवर बदल मागितलास तर ही फी लागत नाही, तसा खुलासा २० ऑक्टोबर २०२५ ला आलाय. अर्ज चालू असताना देशाबाहेर पडू नकोस, बहिणीचं लग्न असलं तरी आधी वकिलाला विचार. लीड्सच्या दादांना: तुमच्याकडे ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसाला वार्षिक पगाराची अट २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली आहे, पुतण्याची ऑफर त्याखाली असेल तर उगाच आशा लावू नका. नातू मराठी बोलत नाही म्हणणाऱ्या आजींना: तुम्ही त्याच्याशी इंग्रजीत बोलणं थांबवा.

आणि म्युनिकच्या वहिनी, चटणी पार्सलने मागवायची तर डब्याला आतून दुहेरी पिशवी घालायला सांगा, आणि पत्ता आत्ताचा कळवा.