अर्थिंगचा खड्डा ब्रेकर पाडत नाही: कोल्हापूरहून शिकागोला निघालेल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला

भावा, तुझं विचारणं थोडक्यात असं आहे: बहिणीच्या अर्जावरचं ग्रीन कार्ड आता जवळ आलंय आणि पुढच्या वर्षी तू बायको-मुलांसह शिकागोला येणार. बी.ई. इलेक्ट्रिकल झालंय, सुपरवायझरचं लायसन्स आहे, आणि कोल्हापुरात हॉटेलं, दवाखाने, शॉपिंग कॉम्प्लेक्स अशी कामं हातून झाली आहेत. हा अनुभव इथं धरतात का, डिझाइन ऑफिसात शिरावं की साईटवर उतरावं, आणि निघायच्या आधी काय वाचावं? मी राजारामपुरीतला. आता शिकागोच्या उपनगरात राहतो आणि व्यापारी इमारतींचं इलेक्ट्रिकल डिझाइन करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

अनुभव धरतात. लोड काढणं, केबल निवडणं, फॉल्ट लेव्हल (शॉर्ट झाला तर किती करंट वाहील), व्होल्टेज ड्रॉप हे गणित कुठंही तेच आहे. पण एका विषयाकडं बघायची नजर तुला मुळापासून तपासून घ्यावी लागेल. तो विषय म्हणजे अर्थिंग. नोकरी, भाडं, शाळा हे सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी आधी इथूनच सुरू करतो.

आपल्याकडं पॅनल बसला की खड्डा खणायचा, जीआयची नाहीतर तांब्याची प्लेट पुरायची, मीठ-कोळसा भरायचा, वर चेंबर बांधायचा आणि उन्हाळ्यात पाणी ओतत राहायचं. अर्थ टेस्टरवर दोन-तीन ओहम दिसले की साईटवर सगळे निश्चिंत. आता हिशोब कर. इमारतीच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या खड्ड्याचा 2 ओहम धर. फेज मशीनच्या बॉडीला लागली आणि परतीला फक्त माती असेल, तर 230 भागिले 7 म्हणजे साधारण 33 अँपिअर. 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, 33 ला पडत नाही, तो तसाच चालू राहतो. बॉडीवर दीडशेच्या वर व्होल्टेज उभं राहतं आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस तिला हात लावतो. जिथं आरसीसीबी (जमिनीकडं गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) लावलाय तिथं तो माणूस वाचतो. जिथं ‘सारखा पडतोय’ म्हणून काढून टाकलाय, तिथं त्याला वाचवणारं काही उरत नाही.

इथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, म्हणजे एनईसीमध्ये, कलम 250.4 हेच स्पष्ट शब्दांत सांगतं की जमिनीला फॉल्ट करंटचा परिणामकारक मार्ग समजायचं नाही. फॉल्ट करंटला परत जायला धातूची अखंड वाट लागते: उपकरणाच्या बॉडीपासून हिरवी वायर किंवा धातूचा पाइप, तिथून मेन पॅनल, तिथल्या बाँडिंग जंपरमधून (अर्थ आणि न्यूट्रल जोडणारी पट्टी) न्यूट्रल, आणि न्यूट्रलवरून ट्रान्सफॉर्मर. या वाटेने हजारो अँपिअर वाहतात आणि ब्रेकर क्षणात पडतो. जमिनीत ठोकलेला रॉड असतो तो वीज पडली तर, सर्ज आला तर, आणि सिस्टिमचं व्होल्टेज जमिनीच्या आसपास राहावं म्हणून. एका रॉडचा रोध 25 ओहमपेक्षा जास्त आला तर दुसरा ठोका, एवढ्यावर कोड थांबतो. कोल्हापुरातला माणूस हे पहिल्यांदा वाचतो तेव्हा त्याला 25 ओहम म्हणजे हलगर्जीपणा वाटतो. तसं नाही. इथं रॉडवर जीव सोपवलेलाच नाही, म्हणून 25 चालतात.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा नियम आपोआप समजतो. न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी जोडायचे, सर्व्हिसच्या मुख्य पॅनलला. पुढच्या सबपॅनलमध्ये दोन्ही बार वेगळे. चुकून दुसरीकडं जोडले तर न्यूट्रलचा करंट पाइपांतून, छताच्या लोखंडातून, पाण्याच्या नळातून फिरायला लागतो. मोठ्या इमारतीत यात आणखी एक पदर आहे. इथं व्यापारी इमारतीला 480/277 व्होल्ट येतात. मोटारी आणि एसी 480 वर, दिवे बहुधा 277 वर, आणि साध्या सॉकेटांसाठी मजल्यामजल्यावर 75 केव्हीएसारखे ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर बसवून 208/120 तयार करतात. अशा प्रत्येक ट्रान्सफॉर्मरमागं नवा न्यूट्रल जन्माला येतो, म्हणून त्याचं बाँडिंग पुन्हा तिथं करायचं. जनरेटरच्या चेंजओव्हरला तीन पोल घ्यायचे की चार, हेही न्यूट्रल कुठं बांधलाय यावरच ठरतं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. कलम 250 पाठ करू नकोस, कागदावर फॉल्टची वाट बोटाने फिरवून बघ.

480 व्होल्टचा एक धोका आपल्या 415 ला इतक्या ठळकपणे कोणी शिकवत नाही. फेज आणि धातू यांच्यात आर्क लागला की त्याचा करंट मेन ब्रेकर पाडण्याइतका मोठा नसतो, पण बसबार वितळवायला पुरेसा असतो. पूर्वी असे अख्खे स्विचबोर्ड जळाले. म्हणून 1000 अँपिअर आणि त्यावरच्या 480 व्होल्टच्या सर्व्हिसला ग्राउंड फॉल्ट संरक्षण सक्तीचं आहे, आणि त्याची सेटिंग 1200 अँपिअरच्या वर नेता येत नाही. हे उपकरणांसाठी. माणसांसाठी जीएफसीआय, म्हणजे इथला आरसीसीबी, तो साधारण 5 मिलिअँपिअरला पडतो. आपला आरसीसीबी 30 चा असतो.

रंगांबद्दल विमानात बसण्याआधीच मनाला सवय लाव. आपल्याकडं लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल. इथं 208/120 मध्ये काळा-लाल-निळा हे फेज, आणि पांढरा न्यूट्रल. 480 मध्ये तपकिरी-नारिंगी-पिवळा आणि राखाडी न्यूट्रल. फेजचे रंग बहुतेक रिवाजाने ठरलेत, पण पांढरा-राखाडी न्यूट्रलला आणि हिरवा अर्थला हे कोडमध्येच आहे. म्हणजे तुझ्या हाताला वर्षानुवर्षं न्यूट्रल म्हणून ओळखीची असलेली काळी वायर इथं जिवंत आहे. टेस्टर लावल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

केबलचे साइज उलटे वाटतील. 12 नंबरची वायर सुमारे 3.3 चौरस मिलिमीटर, 10 नंबरची 5.3, म्हणजे आकडा उतरेल तशी वायर जाड. 120 व्होल्टमुळं तेवढ्याच वॅटला करंट जवळपास दुप्पट, त्यामुळं सर्किटांची संख्या वाढते. तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या लोडला 125 टक्के धरायचं, म्हणजे 20 अँपिअरच्या साध्या ब्रेकरवर दुकानाचे दिवे 16 अँपिअरपर्यंतच. हे सरावाने आठवड्याभरात जमतं, त्याची काळजी करू नकोस.

जागेच्या नियमाचं मात्र तुला आश्चर्य वाटेल. पॅनलसमोर किमान 3 फूट खोल, 30 इंच रुंद आणि साडेसहा फूट उंच जागा मोकळी ठेवायची, आणि समोर काय आहे त्यावरून खोली 4 फुटांपर्यंतही जाते. तिथं खोकी ठेवली तरी इन्स्पेक्टर काम थांबवतो. आपल्याकडंही स्विचबोर्डासमोर 1 मीटर मोकळा ठेवायचा नियम जुनाच आहे. तरी कॉम्प्लेक्समध्ये मीटर जिन्याखाली, त्यापुढं दुचाक्या, पॅनलच्या दारामागं झाडू आणि मंडळाचं सामान, हे तू रोज बघतोस. आग लागली तर मेन बंद करायला कोणी पोचूच शकत नाही. इथं तो नियम पाळला जातो, कारण तपासणी मंजूर झाल्याशिवाय इमारत वापरायला परवानगी मिळत नाही आणि नकाशावर सही करणाऱ्या इंजिनिअरचं लायसन्स पणाला लागलेलं असतं. तुझ्या कामात सर्वांत मोठा बदल इथं आहे: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक रेषेमागं कलम सांगता आलं पाहिजे.

हा कडकपणा या शहरानं किंमत मोजून मिळवलाय. 30 डिसेंबर 1903 ला शिकागोतल्या इरोक्वॉय थिएटरमध्ये रंगमंचावरच्या आर्क लाइटची ठिणगी पडद्याला लागली आणि 602 माणसं गेली. दारं बंद होती, वाट दाखवणारे दिवे नव्हते. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा ती बातमी मी इथं बसून वाचली. शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू, दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. आत प्रेक्षक नव्हते, एवढंच. त्या रात्रीपासून मी एक्झिट आणि इमर्जन्सी दिव्यांची पानं अधिक बारकाईनं तपासतो. कोडनुसार मुख्य वीज गेल्यावर इमर्जन्सी वीज 10 सेकंदांच्या आत आली पाहिजे. दवाखान्यात तर जीवरक्षक, क्रिटिकल आणि उपकरणांच्या शाखा एकमेकींपासून वेगळ्या ओढाव्या लागतात.

पाण्याचंही सांगतो, कारण तिथं तुझा अनुभव इथल्या अनेकांपेक्षा जास्त मोलाचा आहे. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळघरातले पॅनल आणि खाली बसवलेले ट्रान्सफॉर्मर यांचं काय झालं, ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. 2012 ला सँडी वादळात न्यूयॉर्कच्या मोठ्या इस्पितळांतही असंच झालं. जनरेटर वर होते तरी इंधनाचे पंप तळघरात बुडाले, आणि अंधारात जिन्यावरून रुग्ण उतरवावे लागले. मुलाखतीत अशा कामाबद्दल बोल: पूररेषा बघून पॅनल कुठं उचलला, मालकाला कसं पटवलं. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

शिकागोचं एक वेगळेपण. शहराचा स्वतःचा इलेक्ट्रिकल कोड आहे. तो एनईसीवरच उभा आहे, पण वायरिंग धातूच्या पाइपातूनच हवं, असा त्याचा आग्रह. बाकी देशात घरांमध्ये प्लास्टिकच्या आवरणाची केबल सर्रास चालते, इथं घरातही पाइप. पीव्हीसी पाइप स्लॅबमध्ये टाकायची तुला सवय आहे. इथला पातळ पोलादी पाइप बेंडरवर वाकवणं हे वेगळंच कसब आहे आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनचा मान त्यावरच ठरतो. एनईसी 1897 ला पहिल्यांदा निघाला आणि आता दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते, पण कुठल्या गावात कुठली आवृत्ती लागू हे ते गाव किंवा राज्य ठरवतं. कामाला हात घालण्याआधी ते विचारायचं.

उद्यमनगरात आपण पत्रा वाकवून, बसबार घालून हवा तसा पॅनल बनवून घेतो. ते इथं विसर. पॅनल, ब्रेकर, दिवा, सगळ्यावर यूएल (अंडररायटर्स लॅबोरेटरीज) किंवा तशाच मान्य प्रयोगशाळेचं लिस्टिंग, म्हणजे तपासून पास केल्याचा शिक्का, लागतो. यूएलचा जन्मही इथलाच. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांमुळं आगीची भीती होती, ती तपासायला विल्यम मेरिल नावाचा तरुण इंजिनिअर आला आणि 1894 ला त्यानं ही संस्था सुरू केली.

आता डिझाइन की साईट. माझं मत स्पष्ट आहे: तुझ्याकडं पदवी आहे, तर एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) कन्सल्टंटच्या ऑफिसात डिझायनर म्हणून शीर. रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्री-डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, शिकून ये, त्याशिवाय दार उघडत नाही. ऑटोकॅड एकट्यानं आता भागत नाही. फॉल्ट आणि आर्क फ्लॅश (आर्कमुळं उसळणारी आग आणि उष्णता) यांच्या अभ्यासासाठी एसकेएम किंवा ईटॅप या सॉफ्टवेअरपैकी एकाची तोंडओळख ठेव. साईटवर इलेक्ट्रिशियन म्हणून जायचं तर इलिनॉयमध्ये राज्याचं लायसन्स नाही, गावोगावचे नियम वेगळे, आणि शिकागोत मोठी कामं युनियनकडं असतात. तिथली अप्रेंटिसशिप पाच वर्षांची. पगार चांगला आहे, काम सन्मानाचं आहे, पण तुझी आजवरची वर्षं त्यात मोजली जातील असं धरून चालू नकोस.

साईटवर गेलास तर एक सवय मात्र कोल्हापुरातच सोड: चालू पॅनलमध्ये हात घालणं. ‘दुकान बंद ठेवता येत नाही’ म्हणून आपण लाइव्ह काम करतो. इथं बंद करून, कुलूप लावून, टॅग अडकवून, वीज नाही हे मोजूनच काम सुरू होतं. चौरस सेंटिमीटरला 1.2 कॅलरी उष्णता पोचली की दुसऱ्या दर्जाचा भाजलेपणा होतो, आणि मोठ्या पॅनलसमोरच्या आर्कमध्ये याच्या कितीतरी पट उष्णता असते. आर्कपासून वाचवणारे कपडे, पॅनलवरचं धोक्याचं लेबल, कामाची लेखी परवानगी यांना कोणी वेळखाऊ म्हणत नाही.

पीई, म्हणजे सही करायचा अधिकार असलेला लायसन्सधारक प्रोफेशनल इंजिनिअर, व्हायचं लक्ष्य आतापासून ठेव. आधी एफई, म्हणजे मूलभूत इंजिनिअरिंगची परीक्षा, मग अनुभव, मग पीई, तीही पॉवर विषयातून. पीईच्या परीक्षेत संगणकावर 80 प्रश्न असतात, आणि कोड तिथंच पडद्यावर दिलेला असतो, म्हणून कुठलं कलम कुठं आहे हे बोटांवर हवं. एनईसी काढणाऱ्या एनएफपीए या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की एनईसी फुकट वाचता येतो. कलम 110 आणि 250 आधी, मग 210, 220, 230, 240, शेवटी 700 (इमर्जन्सी वीज) आणि 517 (दवाखाने). रोज अर्धा तास वाच, आणि त्या दिवशी साईटवर जे दिसलं ते त्या कलमांत कुठं बसतं ते शोध.

कागदपत्रांचं काम पुढच्या महिन्यातच सुरू कर, ते इथून करणं फार जड जातं. पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागेल. त्यासाठी शिवाजी विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट थेट जाव्या लागतात, तर तिथल्या परीक्षा विभागात स्वतः जाऊन पद्धत समजून घे. प्रत्येक कामाचं अनुभवपत्र घे: लेटरहेडवर, तारखांसह, इमारत कसली, किती केव्हीए, 11 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर होता का, तुझ्याकडं नेमकी जबाबदारी काय होती, आणि खाली सही करणाऱ्या इंजिनिअरचं पद. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या ओळीचा काहीही उपयोग नाही. आणि तुझ्या दोन-तीन चांगल्या कामांचे सिंगल लाइन डायग्राम मालकाची परवानगी घेऊन सोबत आण. निघायच्या आधी त्यातला एक मला पाठव. आपण दोघं बसून तो एनईसीप्रमाणं पुन्हा काढू, न्यूट्रलच्या बाँडिंगपासून.