जुनं सॉफ्टवेअर, नवा कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमचं बार्शीला भुसार मालाचं आडत दुकान आहे. १९९७ साली ओळखीतल्या एका मुलाने फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं) सॉफ्टवेअर करून दिलं होतं, विंडोजच्या आधीच्या डॉसवालं, माउस लागतच नाही, आमचे दिवाणजी डोळे मिटून पट्टी काढतात. परवा जुना सीपीयू बसला म्हणून विंडोज ११ चा नवीन घेतला, तर त्यावर सॉफ्टवेअर उघडतच नाही, हे ॲप या पीसीवर चालणार नाही असं काहीतरी येतं. हार्डवेअरवाला म्हणतो सगळं बदला, प्रिंटरपण (डॉट मॅट्रिक्स आहे, तीन कॉपीचा कागद). खरंच काही इलाज नाही का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आहे की, आणि सॉफ्टवेअरपुरता तरी फुकटातला आहे. पण आधी जुन्या सीपीयूतली हार्ड डिस्क काढून घ्या आणि कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. सीपीयू बसतो तेव्हा बरेचदा पॉवर सप्लाय नाहीतर मदरबोर्ड गेलेला असतो, डिस्क शाबूत असते. जुनी डिस्क यूएसबीला जोडायला आयडीई टू यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, तो लावून सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर नव्या मशीनवर घ्या, पेनड्राइव्हवर अजून एक कॉपी ठेवा. फॉक्सप्रोचा डेटा म्हणजे डीबीएफ फाइली, त्या लिबरऑफिसमध्ये सरळ उघडतात, एक्सेलमध्येही, म्हणजे अगदी काहीच चाललं नाही तरी खातेदारांची नावं आणि येणी-देणी तुमच्या हातात राहतात. (नावं मराठीत असतील, म्हणजे त्या काळी डॉसमध्ये मराठी दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं असेल, तर एक्सेलमध्ये नुसती चिन्हं दिसतील, घाबरू नका, तो मजकूर इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये) असतो, आताच्या युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. कार्ड मात्र आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटचं, तो स्लॉट आताच्या बोर्डवर नसतोच.)

आता चालत का नाही ते. तुमचं सॉफ्टवेअर १६ बिटचं आहे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा, तो असल्या प्रोग्रामना आपण डॉसवरच आहोत असं भासवायचा. त्याला प्रोसेसरचा एक खास मोड लागायचा आणि प्रोसेसर ६४ बिटमध्ये चालायला लागला की तो मोड मिळत नाही, त्यामुळे ६४ बिटच्या विंडोजमध्ये हा भाग दिलेलाच नाही. आणि विंडोज ११ हे ३२ बिटमध्ये येतच नाही. म्हणून ते राइट क्लिक करा, कम्पॅटिबिलिटीत एक्सपी निवडा वगैरे जे सांगतात त्याचा इथे शून्य उपयोग. ३२ बिटचं विंडोज १० टाका असंही कुणीतरी सांगेल, त्यात तुमचं सॉफ्टवेअर चालेलही, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय आणि नव्या मशीनला ३२ बिटचे ड्रायव्हर मिळायची मारामार, कशाला त्या भानगडीत पडता.

त्यापेक्षा डॉसबॉक्स-एक्स घ्या, हा विंडोजच्या आत डॉसचं मशीन उभं करणारा फुकट प्रोग्राम आहे. साधा डॉसबॉक्स मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी केलेला, एक्सवाल्यात प्रिंटिंगची सोय आहे आणि तुम्हाला नेमकी तीच पाहिजे. तुमचा फोल्डर त्यात सी ड्राइव्ह म्हणून माउंट करायचा, ती ओळ आणि सॉफ्टवेअर सुरू करायची ओळ कॉन्फिग फाइलच्या ऑटोएक्झेक भागात लिहून ठेवायची, मग दिवाणजींनी आयकॉनवर डबल क्लिक केलं की थेट त्यांचा नेहमीचा मेनू. त्यांना एवढंच बजावून सांगा की सॉफ्टवेअरमधून नीट बाहेर पडून मगच विंडो बंद करायची, अर्ध्यात फुली मारली तर इंडेक्स बिघडतो आणि मग बेरजा जुळत नाहीत.

प्रिंटरला तर हातच लावू नका. डॉट मॅट्रिक्सच्या पिना कागदावर आपटतात म्हणून खालच्या दोन्ही कॉपींवर हमाली-तोलाईचे आकडे उमटतात, लेझर प्रिंटर हे करूच शकत नाही, त्यात तीनदा छापत बसावं लागेल. अडचण फक्त जोडणीची आहे. यूएसबी टू पॅरलल केबल लावली की विंडोज त्या प्रिंटरला यूएसबीचा पोर्ट देतं आणि तुमच्या सॉफ्टवेअरला एलपीटी-१ (जुना पॅरलल प्रिंटर पोर्ट) सोडून दुसरं काही माहीतच नाही. म्हणून डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्ट 'फाइल' वर ठेवा, पट्टी आधी फाइलमध्ये जमा होईल. प्रिंटर विंडोजमध्ये जनरिक टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हरने बसवा, शेअर करा, आणि ती फाइल कॉपी कमांडला बायनरीचा स्विच (/b) लावून त्या शेअरवर पाठवा. दोन ओळींची बॅच फाइल होते, गल्लीतला बारावी कॉम्प्युटरवाला पोरगासुद्धा करून देईल. अशी जशीच्या तशी पाठवली की बारीक अक्षराचे कोडही टिकतात, पट्टी पूर्वीसारखीच येते.

प्रश्न : मी सांगलीत घरून डीटीपी करते, लग्नपत्रिका, स्मरणिका, एक दिवाळी अंकही असतो. पेजमेकर आणि जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचं डोंगल (लायसन्सची किल्ली) प्रिंटर पोर्टला लागतं. एक्सपीचं मशीन आता कधीही जाईल असं वाटतंय. नव्या कॉम्प्युटरला यूएसबीची केबल लावून डोंगल जोडलं तर ते सापडतच नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, त्या केबलने ते होणारच नाही. ती केबल फक्त प्रिंटरचीच भाषा बोलते, डोंगल शोधणारं सॉफ्टवेअर मात्र खऱ्या पोर्टच्या पत्त्यावर थेट बघत असतं. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड टाकता येतं, पण तरी डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटचा आणि डिजिटल सही केलेला लागेल, त्यामुळे कार्ड विकत घ्यायच्या आधी फॉन्टच्या कंपनीला फोन करून यूएसबी डोंगल बदलून मिळतं का ते विचारा. लायसन्स तुमच्याकडे आहे, मागायला लाजू नका.

पण डोंगलपेक्षा मला तुमच्या जुन्या फाइलींची काळजी जास्त वाटते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, फॉन्ट गेला की २० वर्षांचे दिवाळी अंक म्हणजे नुसता इंग्रजी कचरा. पेजमेकर ७ हे २००१ चं, त्यानंतर नवी मोठी आवृत्ती आलीच नाही. त्या फाइली अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये सीएस ६ पर्यंत उघडत होत्या, पुढच्या सीसी आवृत्त्यांमध्ये नाहीत. त्यात जानेवारी २०२३ पासून अडोबीने टाइप १ या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा सपोर्टही काढला, तुमचे काही फॉन्ट त्या जातीचे असतील तर तेही गेले. म्हणून मशीन चालू आहे तोवर एकेक अंक फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ करून ठेवा, दिसायला तरी जसाच्या तसा राहील. आणि ज्याचा मजकूर पुन्हा वापरायचाय तेवढाच फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या, सगळं करत बसू नका, कारण नंतर प्रूफ वाचावंच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षर आणि रफार आला की कन्व्हर्टर हमखास घसरतो.

एक्सपीच्या मशीनला बोर्डवरचा सीआर २०३२ सेल नवा घाला, डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) काढून ठेवा आणि इंटरनेटची वायर काढून टाका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलेला, तरी मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी पॅच काढावा लागला होता, यावरून समजा. फाइल न्यायची तर पेनड्राइव्ह, तोही नव्या मशीनवर स्कॅन करून.

प्रश्न : २००४ चा स्कॅनर आहे, काच एकदम स्वच्छ, पण विंडोज ११ ला ड्रायव्हरच नाही. फेकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा जरा. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये लोड होत नाही, एवढंच झालंय, स्कॅनरला काही झालेलं नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून त्यावरूनच कॉम्प्युटर चालू करून बघा, इन्स्टॉल करायची गरज नाही. त्यातल्या सेन नावाच्या भागात कितीतरी जुने स्कॅनर चालतात. विंडोजवरच पाहिजे असेल तर व्ह्यूस्कॅन आहे, ते स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतं, विकतचं आहे पण फुकट ट्रायलमध्ये पानावर खुणा छापून का होईना स्कॅन होतं, तेवढ्यावर कळतं. दोघांच्याही वेबसाइटवर मॉडेलची यादी आहे, तुमचा नंबर दोन्हीकडे नसेल तर खुशाल भंगारात द्या.