देशमुख आडनावाचे मूळ आणि कुलचिन्ह कसे शोधावे?

'देशमुख' आडनावाचे मूळ कसे शोधावे आणि या नावाने ऑनलाइन विकले जाणारे ढाल-सिंहाचे कुलचिन्ह खरे मानावे का, असे आपण विचारले आहे. चिन्हाचे पैसे वाचवा. ही प्रथा मुळात युरोपातील असून, इंग्लंडमध्येही असे चिन्ह आडनावाला नव्हे, तर विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते. आपल्याकडे कुळाची खूण म्हणजे देवक. लग्नात आपल्या घरी कळंब पूजतात की पंचपल्लव, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे.

देशमुख हे परगण्याच्या वतनदाराचे पद असल्यामुळे ते अनेक जातींत आढळते आणि त्यामागे मूळ आडनाव वेगळेच असू शकते. शिवकालातील कान्होजी जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख होते, तरी ते जेधे म्हणूनच ओळखले जातात. म्हणून शोध आडनावाने नव्हे, तर गावाच्या नावाने करावा. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील आपल्या गावाच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन नामावळी पाहावी. क्षौर-श्राद्धासाठी आलेल्या पूर्वजांनी मुलांची, भावांची नावे सांगून खाली स्वतः सही केलेली असते, आणि पणजोबांचे ते वाकडे अक्षर पाहताना कोणतीही ढाल फिकी वाटते. जुनी पाने बहुधा मोडीत असल्याने वाचणारा सोबत न्यावा. वतनाचे कागद पुणे अभिलेखागारातील पेशवे दप्तरात मिळू शकतात, मात्र तेथे परगण्याचे नाव ठाऊक असणे आवश्यक आहे.