तेल जिरतं, वास मुरतो

इंदूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्याकडे पॅचूलीचं, म्हणजे एका सुवासिक पानांच्या झुडपाचं अत्तर आहे, जवळजवळ काळपट तपकिरी रंगाचं. त्याविषयी त्यांना मराठीत थोडं लिहायचं होतं. ‘वास मातकट आहे’ असं लिहिल्यावर त्यांच्या आत्यांनी हरकत घेतली, की मातकट हा नावं ठेवायचा शब्द, तू ‘मृद्गंध’ लिही. ताईंना मृद्गंध पटेना. शिवाय हे अत्तर लावल्यापासून रात्रीपर्यंत बदलत जातं. त्या बदलाला ‘उतरतं’ म्हणावं, ‘बसतं’ म्हणावं की आणखी काही, असं त्या विचारतात. आणि पॅचूलीला मराठीत नाव आहे का, हेही.

थोडक्यात सांगायचं तर मातकट चालेल, पण सुरुवातीच्या वासापुरताच. मृद्गंध मुळीच चालणार नाही. क्रियापद ‘मुरणे’. आणि नाव आहे, चांगलं जुनं नाव आहे. पण हे नुसतं सांगून भागणार नाही, कारण यातल्या प्रत्येक शब्दामागे नाकानं केलेली निवड आहे.

आत्यांचं म्हणणं निराधार नाही. मळकट, कळकट, धुरकट, तुपकट, पोरकट हे शब्द ओळीनं म्हणून पाहा. ‘कट’ लागला की बहुतेक वेळा नको ती गोष्ट नको तिथे चिकटल्याची तक्रार ऐकू येते. पावसाळ्यात नळाला मातकट पाणी येतं, बीट मातकट लागतं म्हणून मुलं ते ताटात बाजूला सारतात. बिटाच्या बाबतीत तर जीभ अगदी खरं बोलत असते, कारण मातीला तिचा वास देणारं जिओस्मिन हे द्रव्य बिटातही असतं. पण रंगाकडे वळलात की हाच शब्द तक्रार सोडून देतो. मातकट रंगाची महेश्वरी साडी कोणी हौसेनं घेतं, तेव्हा तिला कोणी नावं ठेवत नाही. म्हणजे दोष शब्दात भरलेला नाही; तो पाणी, चव आणि वास यांच्या संगतीत येतो. पॅचूलीचा पहिला वास खरोखरच थोडा नकोसा असतो, त्यात ओल असते, बंद खोलीचा कोंदटपणा असतो. त्याला मातकट म्हणणं हे प्रामाणिक वर्णन आहे. तक्रार वाटली तरी चालेल, पुढे अत्तर ती स्वतःच मिटवतं.

मृद्गंधाचं मात्र वेगळं आहे. हा शब्द मराठीनं पहिल्या पावसासाठी राखून ठेवला आहे. मे महिनाभर भाजलेल्या माळव्याच्या काळ्या जमिनीवर सरी पडतात आणि जो वास उठतो, तो मृद्गंध. तो वर उठतो, हलका असतो, घटकाभरात नाहीसा होतो. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं. कोरड्या दगडमातीत साठलेली तेलकट द्रव्यं ओलाव्यानं मोकळी होतात, असं त्यांनी मांडलं. मातीतल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेलं जिओस्मिन हा त्याच वासाचा दुसरा भाग. आणि हा वास कुपीत भरायची विद्या आपल्याकडे आधीपासूनच आहे. कनौजला भाजलेली माती तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर उकळतात, तिची वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात, आणि ते मिट्टीचं अत्तर होतं. इंदुरात कोणत्याही जुन्या अत्तरवाल्याकडे गेलात तर तो ही दोन अत्तरं दोन वेगळ्या कुप्यांतून काढील. मृद्गंध हा शब्द मिट्टीच्या कुपीचा आहे, पॅचूलीच्या कुपीवर तो डकवला तर वाचणारा भलताच वास मनात आणील. हिंदीच्या शेजारामुळे आपल्या घरांतून ‘सोंधा वास’ही ऐकू येतो, फार गोड शब्द आहे, पण तोही मुख्यतः भिजलेल्या आणि भाजलेल्या मातीचा.

पॅचूलीत मातीचा भास होतो तो मातीमुळे नाही. तुळशीच्या कुळातल्या एका झुडपाची पानं वाळवून, त्यांवर वाफ सोडून हे तेल काढतात. आज त्यातलं बहुतेक तेल इंडोनेशियातून येतं. तेलाचा साधारण तिसरा हिस्सा पॅचूलॉल नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ओलसर माती, जुनं लाकूड असं जे आपण म्हणतो ते त्याच्यामुळे आणि त्याच्या सोबतच्या काही जड द्रव्यांमुळे. गंध हा पृथ्वीचाच विशेष गुण, असं वैशेषिक या आपल्या जुन्या तत्त्वज्ञानाच्या शाखेनं मानलं आहे. एका पानातून इतकी माती दरवळते तेव्हा मला ते मत आठवतं आणि त्या लोकांच्या नाकांविषयी आदर वाटतो.

ताईंनी प्रश्नात ‘गडद वास’ असंही लिहिलं आहे. इथे थोडं थांबावं. तेलाचा रंग गडद आहे, यात वाद नाही. लोखंडी भांड्यात काढलेलं तेल लोहाच्या संपर्कानं आणखी काळवंडतं, पोलादी भांड्यातलं फिकट राहतं, म्हणून नुसत्या रंगावरून कस ठरवू नये. (पांढऱ्या कपड्याला मात्र जपा, डाग राहतो.) पण वासाला गडद म्हणणं मराठीच्या कानाला अजून परकं आहे. आपण वासाला उग्र म्हणतो, मंद म्हणतो, जड म्हणतो. पॅचूलीसाठी मला ‘दाट’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. धुकं दाट असतं, सावली दाट असते, आणि दोन्हींत अंधाराची छटा आपसूक येते. ‘दाट वास’ असं लिहिलं तर गडदपणा सांगावा लागत नाही.

आता क्रियापद. आधी एक गोष्ट मोकळी करू. मराठीत अत्तर ‘लावतात’. अलीकडे ‘परफ्यूम घातलाय’ असं ऐकू येतं, ते मला खटकतं; त्यापेक्षा कॉलेजातली मुलं ‘सेंट मारला’ म्हणतात ते बरं, फवाऱ्याला ते शोभतंही. तेलाचं अत्तर मात्र मारता येत नाही. मनगटावर बोट टेकवायचं, नाहीतर कानाच्या पाळीत फाया ठेवायचा.

लावल्यावर पहिल्यांदा जे येतं त्यात कापराची धार असते. नाकात किंचित थंड जातं, मागोमाग ओल आणि कुबटपणा. या घटकेला ‘दर्प’ हा शब्द मला योग्य वाटतो. दर्प म्हणजे संस्कृतात गर्व, आणि कोशांत त्याचा कस्तुरी असाही अर्थ दिला आहे. मराठीनं तो अंगावर धावून येणाऱ्या वासासाठी घेतला. सगळाच दर्प वाईट नसतो. पॅचूलीचा दर्प थोडा वेळ सोसायचा असतो, कारण ही कापराची धार लवकर ‘उडते’. कापूर उडतो हे आपण म्हणतोच, आणि इथे ते शब्दशः खरं आहे: हलकी द्रव्यं आधी हवेत जातात, जड मागे राहतात.

हलका भाग उडाल्यावर अत्तराचं काय होतं, यासाठी ताईंनी ‘उतरतं’ आणि ‘बसतं’ असे दोन शब्द पुढे केले आहेत. उतरणं मी घेणार नाही. रंग उतरतो, ताप उतरतो, नशा उतरते, म्हणजे गोष्ट संपत आलेली असते. ‘अत्तर उतरलं’ म्हटलं की वास गेला असंच कोणीही समजेल, आणि पॅचूलीची गंमत तर तिथून पुढे सुरू होते. बसणं त्याहून बरं, पण वास ‘बसतो’ तो बहुधा नको असलेला: पडद्यांना फोडणीचा, कपाटाला डांबरगोळ्यांचा.

‘खुलतं’ हा शब्द अत्तरवाले आणि हौशी लोक फार वापरतात. चांगलाच आहे. मोगरा, गुलाब, केवडा अंगाच्या उबेनं खुलतात, पाकळी उलगडावी तसा त्यांचा वास बाहेर येतो. पॅचूली अशी बाहेर येत नाही. ती आत जाते. म्हणून तिला बाहेरच्या दिशेचं क्रियापद जुळत नाही.

आत जाण्याचे आपल्याकडे दोन शब्द आहेत, जिरणे आणि मुरणे, आणि त्यांच्यातला फरक इथे नेमका उपयोगी पडतो. पाणी जमिनीत जिरतं, बाळाच्या अंगात तेल जिरवतात. जिरलेली वस्तू दिसेनाशी होते, तिचा हिशोब तिथे संपतो. म्हणून तर एखाद्याची ‘जिरली’ म्हणजे त्याच्या तोऱ्याचं पुढे काही उरलं नाही. मुरण्यात वस्तू आत तर जाते, पण आत गेल्यावर ती तयार होते, आणि जिच्यात गेली तिलाही बदलते. लोणचं मुरतं, थंडीतला वारा अंगात मुरतो, आणि वर्षानुवर्षं एका कामात असलेला माणूस मुरलेला म्हणवतो. पॅचूलीच्या अत्तरात या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. मनगटावरची तेलाची चकाकी थोड्या वेळात जाते, तेल जिरतं. वास मात्र मुरत राहतो. मातकटपणाचे कंगोरे झिजतात, जुन्या लाकडाचा तुरटपणा वर येतो, संध्याकाळपर्यंत त्यात गोडूस, कोकोकडे झुकणारी ऊब आलेली असते. वासातल्या जड द्रव्यांना हवेत जायची घाई नसते, म्हणून एवढा वेळ मिळतो. मद्यार्काचा परफ्यूम पहिल्या फवाऱ्यातच सगळं बोलून टाकतो. तेलाचं अत्तर त्वचेजवळ राहतं आणि सावकाश बोलतं.

कुपीतल्या तेलालाही हाच शब्द लागू आहे. ताजं काढलेलं पॅचूलीचं तेल तिखट, थोडं कच्चं असतं. ठेवल्यावर ते निवळतं, गोल होतं, आणि जुन्या तेलाला जाणकार जास्त मानतात. म्हणजे ते आधी कुपीत मुरतं आणि मग अंगावर मुरतं. मराठीत एकच क्रियापद या दोन्ही ठिकाणी बसतं, याचा मला फार आनंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे उरतं त्याला ‘रेंगाळणं’ म्हणा, किंवा सरळ ‘मागे राहणं’. दरवळणं म्हणू नका. दरवळायला वारा लागतो आणि अंतर लागतं. हे अत्तर या टप्प्याला जवळ आलेल्या माणसालाच कळतं. एक जाता जाता: हे सगळं मोसमावरही आहे. इंदूरच्या कोरड्या थंडीत पॅचूली फार सुरेख मुरते. श्रावणात, कपडे वाळत नाहीत त्या दिवसांत, तिच्यातला कुबटपणाच तेवढा उठून दिसतो, आणि तेव्हा आत्यांची हरकत मलाही मान्य आहे. शुद्ध तेल मात्र थेट त्वचेवर लावू नये, साध्या तेलात पातळ करून लावावं, नाहीतर त्वचा चुरचुरू शकते.

ताईंच्या मजकुरासाठी मी असं लिहीन: ‘लावताक्षणी कापराचा दर्प येतो, तो उडाला की वास मातकट होतो, ओलसर आणि दाट. मग तो अंगावर मुरत जातो, आणि रात्री उरतो तो लाकडाचा, गोडूस, उबदार.’ यात मातकट शब्द मधल्या पायरीवर आहे, त्यामुळे तो निंदा वाटत नाही. पुढे काय होतं हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

राहिलं नाव. पॅचूली हा शब्द युरोपातून फिरून आला असला तरी त्याचं मूळ दक्षिणेतलं समजतात: तमिळमध्ये पच्चै म्हणजे हिरवा आणि इलै म्हणजे पान. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जात तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये ही वाळलेली पानं घालत. तिकडच्या लोकांना शालीइतकीच त्या वासाची ओढ लागली, इतकी की हा वास नसेल तर शाल अस्सल नव्हे असं ते धरू लागले. आपल्याकडे मात्र हे झुडूप पानांसाठी ओळखीचं होतं आणि मराठीत त्याचं नाव ‘पाच’. मरवा, दवणा यांच्याबरोबर फुलांत गुंफायच्या सुवासिक पाल्यांत पाच येते. संस्कृत कोशांत ‘पाची’ या वनस्पतीला ‘मरकतपत्री’ असाही शब्द दिला आहे, म्हणजे पाचूच्या पानांची. मरकत म्हणजे पाचू, आणि जुन्या मराठीत त्या रत्नालाही पाच म्हणत. दक्षिणेतल्या भाषांत हिरव्या रंगाचा आणि या रत्नाचा शब्द एकच असल्यामुळे पाच, पाचू आणि पॅचूली ही एकाच हिरव्या मुळाची नावं दिसतात. गजऱ्यातली आपली पाच आणि अत्तराची पॅचूली या एकाच वंशातल्या. अत्तराची जात मुख्यतः आग्नेय आशियातली.

म्हणून अत्तराला सरसकट ‘पाच’ म्हणावं असं मी सुचवणार नाही. एक तर जात वेगळी, आणि दुसरं म्हणजे ‘पाच अत्तर’ वाचून लोक कुप्या मोजायला लागतील. अत्तरासाठी पॅचूली ठेवा, पचौली हे हिंदीतलं रूप इंदूरच्या दुकानात बोलताना वापरलंत तरी हरकत नाही, आणि मजकुरात एकदा तरी ‘आपल्याकडच्या पाच या झुडपाची ही बहीण’ असं लिहा. आत्यांनी लहानपणी पाच माळलेली असेल तर त्यांना वास तिथेच ओळखू येईल.