समुद्रकाठचा व्हिला ठरवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडीची चाहूल लागली की नागपुरातून गोव्याची विचारणा सुरू होते. यंदा बहुतेक पत्रं स्विमिंग पूलवाल्या व्हिलाबद्दल आहेत. व्हिला म्हणजे अखेर कोणाचं तरी घर. तिथे रिसेप्शन नसतं, रात्री बारा वाजता फोन उचलणारं कोणी असेलच असं नाही. हॉटेलात न विचारता मिळणाऱ्या गोष्टी इथे ॲडव्हान्स देण्याआधीच ठरवून घ्याव्या लागतात. आलेल्या पत्रांपैकी काही निवडक इथे घेतली आहेत.

आम्ही तीन भावंडं, मुलंबाळं आणि आई-बाबा मिळून १४ जण. नाताळच्या सुट्टीत गोव्यात चार रात्री पाच बेडरूमचा व्हिला घ्यायचा आहे. आईचे गुडघे दुखतात. कुठल्या भागात घ्यावा, कधी बुक करावा? (धरमपेठ)

आधी तारखा पक्क्या करा, भाग नंतर. नाताळ ते २ जानेवारी हा गोव्यातला सर्वांत महाग काळ. या दिवसांत बरेच मालक चार-पाच रात्रींपेक्षा कमी बुकिंग घेत नाहीत आणि रद्द केलं तर पैसे परत देत नाहीत. हेच दिवस हवे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरातच व्हिला हाती असायला हवा. मुलांची शाळा जमवता येत असेल तर संक्रांतीच्या आसपासचा आठवडा घ्या. हवा तितकीच छान असते, भाडं मात्र बरंच खाली आलेलं असतं. २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार तेवढा टाळा. आणखी एक, मुंबईमार्गे विमानाने जाणार असाल तर आपल्याकडच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघून तिकिटं काढा. त्या दिवसांत नागपूर-मुंबई विमानांना गर्दी असते.

आता भाग. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ, तर २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेलं मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून व्हिला घेतला तर मोपावर उतरून अगदी दक्षिण टोकाच्या काणकोणला जायला अडीच तास मोडू शकतात. मोपावर उतरत असाल तर मोरजी, मांद्रे, शिवोली, आसगाव सोयीचे. दाबोळीवर उतरत असाल तर बाणावली, केळशी. आसगावात देखणे व्हिला पुष्कळ आहेत, पण ते गाव समुद्राला लागून नाही. पाण्यात पाय बुडवायचे तर दर वेळी गाडी काढावी लागते. शिवाय हणजूण-वागातोरच्या क्लबांचा आवाज कुठवर येतो, तेही विचारून घ्या. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना आमची पहिली पसंती मांद्रे किंवा बाणावलीला राहील. किनारे रुंद आहेत आणि संध्याकाळी शांतता असते.

‘समुद्राला लागून’ या जाहिरातीवर लगेच विश्वास ठेवू नका. किनारपट्टीवरच्या बांधकामाला आळा घालणाऱ्या सीआरझेड नियमांमुळे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बहुतांशी बंदी आहे, त्यामुळे खरोखर वाळूवर उघडणारी घरं मोजकीच असतात. मालकाकडून नकाशावरचं नेमकं ठिकाण मागवा आणि पायी अंतर स्वतः मोजा. सरळ रेषेतलं ३०० मीटर अंतर शेतं आणि कुंपणं यांना वळसा घालत सव्वा किलोमीटर होऊ शकतं.

आईंसाठी ‘तळमजल्यावर बेडरूम आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांचं जोतं उंच असतं, दाराशीच पाच-सहा पायऱ्या आणि बऱ्याचदा कठडा नाही. केअरटेकरला सांगा की फाटकापासून त्या खोलीच्या बाथरूमपर्यंत न थांबता व्हिडिओ काढून पाठव. त्यात चार गोष्टी बघा: पायऱ्या किती, कठडा आहे का, बाथरूमचा उंबरा किती उंच, आणि फरशी गुळगुळीत आहे की खरबरीत. शॉवर बाथटबमध्येच असेल तर ती खोली आईंना देऊ नका. काठ ओलांडून आत जाताना दुखरा गुडघा दगा देतो.

जाहिरातीत रात्रीचं भाडं ३५ हजार दिसतं. प्रत्यक्षात किती धरून चालावं? (त्रिमूर्तीनगर)

कागदावर मांडून बघू. चार रात्रींचे १,४०,००० रुपये. रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असल्यामुळे जीएसटी १८ टक्के, म्हणजे २५,२००. स्वयंपाकी रोजचे २,५०० धरला तर चार दिवसांचे १०,०००. दोन जादा गाद्या, दर गादीला रात्री १,००० प्रमाणे ८,०००. एकूण १,८३,२००. म्हणजे रात्रीचे ४५,८०० झाले, आणि यात किराणा, गाडी, नाश्ता काहीच नाही. स्वयंपाकी आणि गादीचे दर इथे नमुन्यादाखल घेतले आहेत, तुमच्या मालकाचे दर टाकून हाच हिशेब करा. परत मिळणारं डिपॉझिट वेगळं, पण तेवढी रक्कम त्या काळात अडकून राहते.

भावंडांत वाटणी करताना माणशी न करता खोलीप्रमाणे करा आणि किराणा-मासळी तेवढी माणशी ठेवा. पूलसमोरची मोठी खोली आई-बाबांना किंवा लहान बाळ असलेल्यांना द्यायची, हे निघण्याआधीच बोलून घ्या. तिथे पोचल्यावर हा विषय निघाला की मनं दुखावतात.

व्हिलात वीज-पाण्याचे काय प्रश्न येतात? (मनीषनगर)

वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, एसी चालत नाहीत. ‘पॉवर बॅकअप आहे’ या उत्तरावर थांबू नका, एसी त्यावर चालतात का ते विचारा. हिशेब सोपा आहे. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट खातो. पाच एसी म्हणजे साडेसात किलोवॅट, त्यात फ्रिज, पाण्याचा पंप आणि एखादा गीझर मिळवला की दहा-अकराच्या घरात जातं. त्याला निदान १५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजायचं एकक) जनरेटर लागतो. त्याहून लहान असेल तर सगळे एसी एकदम लावल्यावर तो ट्रिप होतो, आणि ते नेमकं रात्री घडतं. डिझेलचा खर्च कोणाकडे, हेही लिहून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर आंघोळी, कपडे, भांडी धरून माणशी दिवसाला १५० ते २०० लिटर सहज जातं. १४ जणांना दोन ते तीन हजार लिटर झालं. वरच्या टाकीची क्षमता विचारा. एप्रिल-मेमध्ये काही भागांत टँकरवर भिस्त असते, तेव्हा टँकर कोण मागवणार आणि पैसे कोण देणार ते ठरवा. गीझर १५ लिटरचे असतील तर एका बाथरूममागे तीन आंघोळी लागोपाठ होणार नाहीत. मधे पंधरा-वीस मिनिटं सोडा.

एका व्हिलाचे फोटो फार सुंदर आहेत, भाडं इतरांच्या निम्मं. मालक म्हणतो आजच यूपीआयने ५० टक्के पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पाठवू का? (महाल)

नका पाठवू. निम्मं भाडं आणि आजचीच घाई या दोन गोष्टी एकत्र आल्या की फसवणुकीचीच शक्यता धरून चला. दुसऱ्या कुठल्या तरी घराचे फोटो उचलून खोटी जाहिरात करणं हा गोव्याच्या बुकिंगमधला जुना प्रकार आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तोच पूल दुसऱ्या नावाने कुठे दिसतो का ते बघा. मग व्हिडिओ कॉल मागा, आणि कॉलवर असतानाच बाहेर रस्त्यावर येऊन फाटकावरची पाटी दाखवायला सांगा. घरात उभं राहून कोणीही बोलू शकतं, फाटक आणि रस्ता मात्र नकाशाशी ताडून पाहता येतो. गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने देणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तिच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की त्यामागचं नाव दिसतं. प्रमाणपत्र, जीएसटी आणि बँक खातं या तिन्हींवरची नावं जुळायला हवीत. मालक भाच्याच्या नाहीतर मॅनेजरच्या खात्यात पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. एखाद्या ॲपवरून बोलणं सुरू झालं असेल तर स्वस्तात देतो म्हणून बाहेर पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा, कारण ॲपबाहेर दिलेल्या पैशांना ॲपचं संरक्षण नसतं.

पैसे आधीच गेले असतील तर एक क्षण न दवडता १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे पहिले काही तास फार मोलाचे.

सोबत चार वर्षांची दोन मुलं आहेत. प्रायव्हेट पूल सुरक्षित असतो का? (प्रतापनगर)

या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. व्हिलाच्या पूलवर जीवरक्षक नसतो, आणि बहुतेक ठिकाणी बैठकीच्या खोलीचं सरकतं काचेचं दार थेट पूलच्या काठावर उघडतं. मोठी माणसं सामान लावण्यात गुंतलेली असतात तेव्हाच, पोचल्यावरच्या पहिल्या तासात, मुलं पाण्याकडे धावतात. बुडणारं मूल ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. त्यामुळे ‘सगळेच आहेत की पूलपाशी’ हा भरवसा खोटा ठरतो. एका वेळी एकाच मोठ्या माणसाची पाळी लावा, २० मिनिटांची, फोन बाजूला ठेवून. पाळी बदलताना ‘आता तू’ असं तोंडाने म्हणा.

बुकिंगआधी विचारा: पूलला कुंपण किंवा झाकायची जाळी आहे का, काचेच्या दाराला वर, मुलाच्या हाताला न लागेल अशी कडी आहे का, आणि पाणी किती खोल. चार फूट पाणी मोठ्यांच्या छातीशी येतं, चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातं. दंडात घालायचे फुगे निसटतात, अंगात घट्ट बसणारं लाइफ जॅकेट नागपूरहूनच घेऊन निघा.

पोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी काठावर उभं राहून सर्वांत खोल कोपऱ्यातलं तळाचं गोल झाकण बघा. त्याच्या खाचा स्पष्ट दिसल्या तर पाणी पुरेसं स्वच्छ आहे. झाकण धूसर दिसत असेल तर उतरू नका, तशा पाण्यात तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. झाकण फुटलेलं किंवा सैल असेल तर पूल पूर्ण बंद. पंपाच्या ओढीने तिथे केस किंवा हात अडकतो. केअरटेकरकडे पाणी तपासायच्या पट्ट्या असतात: पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम असावं. क्लोरीनचा उग्र वास आला तर पाणी जास्त स्वच्छ आहे असं समजू नका. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास सुटतो.

समुद्रात मात्र जीवरक्षक असतील तिथेच आणि त्यांनी लावलेल्या झेंड्यांच्या हद्दीतच उतरा. जून ते सप्टेंबर समुद्रात पोहणं नाहीच.

स्वयंपाकी ठेवला तर १४ जणांचा किराणा किती लागेल? काही जण शाकाहारी आहेत. (सक्करदरा)

एका जेवणाला तांदूळ एक किलो, कणीक दीड किलो, तूरडाळ अर्धा किलोच्या थोडी वर. सकाळच्या पोह्यांना कोरडे पोहे एक किलो. दहा जण मासळी खाणारे असतील तर साफ केलेली दोन किलो हवी, म्हणजे बाजारात अख्खी तीन किलो घ्या. डोकं, पोट, खवले जाऊन उरतं तेवढंच. इसवण (सुरमई) घेतलीत तर वाया कमी जाते, बांगड्यात जास्त. भाजी-मासळीला म्हापशाचा बाजार उत्तम, शुक्रवारी तर भरगच्च असतो.

पाच लिटरचा कुकर, मोठी कढई, मिक्सर आणि भरलेलं दुसरं सिलिंडर आहे का हे आधी विचारा. बऱ्याच सुंदर स्वयंपाकघरांत दोन लिटरचाच कुकर निघतो. शाकाहारी मंडळींसाठी तवा आणि कढई वेगळी ठेवायला स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी सांगा. तर्री आणि सावजीचा मसाला इथूनच न्या, तिकडे तो मिळायचा नाही.

नागपूरहून स्वतःची गाडी न्यावी का? (वर्धा रोड)

हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता, एका दिवसात करू नये. समृद्धी महामार्ग मुंबईच्या दिशेने जातो, गोव्याच्या नाही, आणि पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्ग अजून व्हायचा आहे. रेल्वेने जायचं तर नागपूर-मडगाव विशेष गाडी बघा. ती विशेष असल्यामुळे तुमच्या तारखांना चालू आहे ना, हे आधी तपासा. उत्तर गोव्यात राहणार असाल तर मडगावपर्यंत न जाता थिवीला उतरा, म्हापसा तिथून जवळ.

तिथे स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असलेलीच घ्या. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं तर दिवस वाया जातो. १४ जणांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर सोयीचा, पण आसगाव-शिवोलीच्या आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. तो फाटकापर्यंत येऊन वळू शकतो का, हे केअरटेकरला विचारा.

अमेरिकेहून पुतण्या येणार आहे, त्याचा पासपोर्ट तिथला. काही वेगळं करावं लागेल? (सिव्हिल लाइन्स)

परदेशी नागरिक मुक्कामाला आला की जागेच्या मालकाने २४ तासांत त्याची नोंद करणारा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरायचा असतो. पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) प्रत मालकाला आधीच पाठवा. हा फॉर्म माहीतच नाही म्हणणाऱ्या मालकाचा व्हिला घेऊ नका.

डिपॉझिट परत मिळताना खटके उडतात असं ऐकलं आहे. (नंदनवन)

आत शिरताच, बॅगा उघडण्याआधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: चादरींवरचे डाग, काचेचे टेबल, टीव्ही, पूलकाठच्या खुर्च्या. विजेचे युनिट वेगळे लावणार असतील तर मीटरचा फोटोही. तो सगळा त्याच वेळी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणजे वेळेची नोंद राहते. रात्री दहानंतर बाहेर संगीत लावू नका. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही आणि बऱ्याच करारांत डिपॉझिट कापायचं पहिलं कारण तेच लिहिलेलं असतं. निघण्याच्या दिवशी केअरटेकरसोबत अर्धा तास आधी फेरी मारा, आणि पैसे किती दिवसांत, कुठल्या खात्यात येणार ते त्याच्यादेखत मालकाकडून लेखी घेऊन मगच गाडीत बसा.