घरगुती विजेला वेळेनुसार वेगळा दर लागला तर सामान्य माणसाचा फायदा की तोटा?

तुम्ही बहुधा फ्लॅटमध्ये राहता. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरातून लिहितोय. इथे संध्याकाळी सातला ट्यूबलाइट दहा वेळा डोळे मिचकावून मग पेटते.

कारण आमचा दादा. एकटा तोच नव्हे, पण सुरुवात त्याच्यापासूनच करतो. विहिरीवर एक हॉर्सपॉवरचा पंप आहे, घराच्याच कनेक्शनवर. दादा कामावरून आला की चहाच्या आधी पंप लावतो. त्याच वेळी वाड्यावर घरोघरी गीझर, मिक्सर, टीव्ही आणि ज्याचा त्याचा पंप. दुपारी बाराला लाव, आई घरीच असते, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. "दुपारची वीज काय गोड लागते?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची आरास, बांधणं चाललेलं, घरात वीस माणसं, आणि व्होल्टेज इतकं पडलं की पंप नुसता गुरगुरत राहिला. व्होल्टेज कमी झालं की मोटर जास्त करंट खेचते आणि तापते. कॉइल जळाली. चतुर्थीत रिवाइंडिंगवाला कुठून आणणार? पाच दिवस रहाटाने पाणी काढलं. तीन दिवस मी, दोन दिवस दादा.

तर नियम माझ्या बाजूने आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे दिवसातल्या आठ सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या तासांना घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के जास्त. घरगुती ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख ठरली, पण स्मार्ट मीटर बसल्यावरच लागू. दुपारी सौर वीज मुबलक असते. सूर्य मावळतो तेव्हाच सगळे घरी येतात. गोव्यात मोठं वीजकेंद्र नाही, वीज बाहेरूनच घ्यावी लागते.

फायदा किती? पंप रोज एक युनिट खातो असं धरा, महिन्याला तीस. युनिटला चार रुपये धरले तर संध्याकाळऐवजी दुपारी लावून ३६ रुपये वाचतात. हा आकडा दादाला सांगू नका. पण प्रश्न ३६ रुपयांचा नाहीच. एका ट्रान्सफॉर्मरवर सगळ्यांनी एकदम तुटून पडू नये, यासाठी हा दर आहे.

हां, नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि दुपारी घराला कुलूप असेल तर तोटाच. रात्रीचं जेवण दुपारी रांधून ठेवा असं कोणी सांगू नये. वॉशिंग मशीनला टायमर असेल तर तेवढं हलवा. नेमके तास गोव्यात संयुक्त वीज नियामक आयोग, म्हणजे विजेचे दर ठरवणारी संस्था, ठरवतो, तेव्हा मीटर बसण्याआधी त्याचा आदेश वाचा.

आमचा मीटर अजून जुनाच आहे. पंपाला मात्र मी टायमर बसवलाय, दुपारी बाराचा. काल संध्याकाळी सातला पंप चालू होता.