घरच्या सुतारकामाचं वर्कबेंच: वाचकांचे प्रश्न

वाडा पाडताना निघालेल्या जुन्या सागवानी तुळया मिळताहेत. त्या घ्याव्यात की वखारीतून नवा साग? (पुणे)

तुळयाच घ्या. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड वखारीत सहसा मिळत नाही. चिरायला टाकण्याआधी खिळे मात्र चुंबक फिरवून शोधा, एकही राहिला तर करवतीचं पातं जाईल. कडेचा पांढरा भाग काढून टाका, कीड आधी तिथेच लागते.

५ फूट लांब, २ फूट रुंद आणि ३ इंच जाड फळा (बेंचचा वरचा सपाट भाग) म्हणजे अडीच घनफूट लाकूड. तुटीसाठी पाऊण घनफूट जास्त धरा. साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो, म्हणजे नुसता फळाच ४५ किलोंच्या आसपास. हे वजन हवंच. रंधा मारताना बेंच सरकू लागलं, तर त्यावर नीट काम होणंच शक्य नाही.

दीड इंची पट्ट्या उभ्या ठेवून एकमेकींना चिकटवा. सगळ्यांचे रेषे एकाच दिशेला ठेवा, नाहीतर फळा रंधताना ठिकठिकाणी लाकूड उचकटेल. साग तेलकट असतो, म्हणून पट्ट्या रंधल्या त्याच दिवशी, थिनरच्या फडक्याने पुसून, मग गोंद लावा.

शेतातली बाभूळ सहा महिन्यांपूर्वी पडली. तिचं बेंच होईल का? (लातूर)

उत्तम होईल. बैलगाडीच्या चाकांना बाभूळ वापरत, ती उगाच नाही. पण आत्ता नको. ओंडका तसाच पडून असेल, तर तो आतून अजून ओला आहे. फळ्या चिरून घ्या, टोकांना रंग फासा आणि मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचून ठेवा. इंचभर जाडीला एक वर्ष हा ढोबळ हिशेब. एक तुकडा दर महिन्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. घाई केलीत तर बाभूळ पिळवटेल आणि मेहनत वाया जाईल.

पावसाळ्यात केलेल्या फळ्याला एप्रिलमध्ये लांबलचक चीर गेली. तो चारही बाजूंनी स्क्रूने आवळला होता. (नागपूर)

चीर त्या आवळण्यामुळेच गेली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. दोन फुटी सागवानी फळा ओल्या आणि कोरड्या हंगामात सहज एक सूत (इंचाचा आठवा भाग), कधी दोन सूतही कमी-जास्त होतो. त्याला जागा मिळाली नाही की तो फाटतो. पुढच्या कडेचे स्क्रू घट्ट ठेवा. मागच्या आडव्या पट्टीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि स्क्रूला वॉशर द्या. चिरेत भुसा-गोंद भरू नका, पावसाळ्यात ती बरीचशी मिटेल.

उंची किती ठेवावी? आणि मी डावखुरी आहे, वाईस (लाकूड पकडायचा शिकंजा) कुठे बसवू? (नाशिक)

सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा. हाताच्या रंध्याचं काम जास्त असेल तर फळा मनगटापर्यंत किंवा थोडा खाली हवा, म्हणजे अंगाचा भार रंध्यावर पडतो. वाईस उजव्या टोकाला.

पॉलिश कोणतं करावं? (ठाणे)

चकचकीत काहीच नको, काम घसरतं. डबल बॉइल्ड जवसाचं तेल दोन हात लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. तेलाची फडकी चुरगळून ढिगात टाकू नका. ती आतून तापून आपोआप पेट घेतात, खरोखर. एकेक उघडी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.